सासरे आळस करतायत का खरंच दमतात?

पत्र मंगळवार पेठेतल्या एका सूनबाईंचं आहे, नाव छापू नका म्हणाल्यात. सासरे ६३ वर्षांचे, उद्यमनगरात स्वतःचं लेथचं छोटं वर्कशॉप, तरुणपणी तालमीतले पैलवान. चार महिन्यांपूर्वी अंगावरनं वारं गेलं, म्हणजे स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरात फिरतात, बोलणं बरंच सुधारलंय, डॉक्टर म्हणतात रिकव्हरी चांगली आहे. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"सकाळी बरे असतात आणि संध्याकाळी पाचला फिजिओ घरी आले की जांभया सुरू. चार वेळा हात उचलला की बास म्हणतात, मग तीन तास झोपतात आणि उठल्यावर पण दमलोय म्हणतात. भेटायला माणसं आली की भिंतीकडं तोंड करून पडतात. परवा फिजिओंवर ओरडले, आयुष्यात कुणावर असं ओरडले नव्हते. आमचे हे म्हणतात पप्पांनी मन मारलंय, रेटायला पाहिजे. सासूबाई म्हणतात सलाईन लावून आणू. मला वाटतं ते खोटं बोलत नाहीत, पण दिवसभर बसून असलेला माणूस दमेल कसा? फिजिओ बंद करू का? ता. क. चैत्रात जोतिबाला न्यायचं चाललंय घरात, नेऊ का?"

ताई, तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या ह्यांचं चुकतंय, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे निम्मं भांडण इथंच मिटेल. (कोल्हापुरात वाढलेली बाई आहे मी, "सांगतो" म्हणते, हसू नका.) मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटरच वाटतं, तर ते नव्हे, स्ट्रोक झालेल्या माणसाला परत अंघोळ, कपडे, जेवण, कामधंदा जमायला लागावा म्हणून जे शिकवतात ते आम्ही.

सासऱ्यांना होतोय तो थकवा स्ट्रोकचाच भाग आहे. हात लुळा पडणं जसं स्ट्रोकचं तसंच हेही, फक्त हात दिसतो आणि थकवा दिसत नाही. स्ट्रोक झालेल्या साधारण निम्म्या लोकांना हा त्रास होतो, आणि गंमत म्हणजे स्ट्रोक मोठा होता का बारका यावर तो फारसा अवलंबून नसतो. अगदी आठवड्यात चालत घरी गेलेल्या माणसालाही होतो, उलट त्यांचे जास्त हाल, कारण बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं की हा तर ठणठणीत आहे, नाटकं करतोय.

आपल्या बोलण्यात घोटाळा असा आहे की सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, दमलो. शंभर सपाट्या मारून दमणं वेगळं, ते दमणं गोड असतं, झोप काढली, खुराक घेतला की सकाळी अंग परत तयार. हा थकवा तसा नाही. काही विशेष न करता येतो, कधी कधी एकदम येतो, आणि झोपून उठलं तरी जात नाही. तुम्ही लिहिलंय ना, तीन तास झोपून उठल्यावर पण दमलोय म्हणतात, मी तुमचं पत्र वाचताना त्याच वाक्याखाली पेनानं रेघ मारली.

का होतं? एकच एक कारण नाही, मेंदूला झालेली इजा, त्यानंतरची सूज, झोप बिघडणं, मनावरचा ताण असं बरंच काही मिसळलेलं असतं. पण तुमच्या सासऱ्यांना पटेल असं सांगते. तीन फेजची मोटर आहे आणि एक फेज गेला, तर मोटर लगेच बंद पडत नाही, ती घुंघुं करत चालते, उरलेल्या दोन फेजवर करंट जास्त खेचते, गरम होते आणि मग ओव्हरलोड ट्रिप होतो. आणि एकदा ट्रिप झाला की थंड झाल्याशिवाय रिसेट होत नाही, तुम्ही बटन कितीही दाबा. त्यांच्या मेंदूचं तेच चाललंय. पूर्वी चालताना त्यांना विचार करावा लागत नव्हता, आता प्रत्येक पावलाला लक्ष द्यायला लागतं, पाय ओढत चालायला साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद जाते, शब्द शोधायला लागतात, चार माणसं एकदम बोलली की कुणाचं ऐकायचं हे ठरवायलाही जोर लागतो. म्हणून "दिवसभर बसून" असं जे तुम्ही लिहिलंय ते आपल्याला दिसतं, त्यांचा मेंदू बसलेला नाहीये. हे उदाहरण घरात सगळ्यांदेखत त्यांनाच सांगायला लावा, बघा ते तुमच्या ह्यांना किती बारकाईनं समजावून सांगतात ते.

आता आम्ही रिहॅबमधली, म्हणजे आजारानंतर माणसाला परत कामाला लावणारी माणसं हे ओळखतो कसं, कारण तुम्हालाही घरी तेच करायचंय. पहिली गोष्ट, फक्त "दमलात का?" असं विचारून कळत नाही. निम्मे पेशंट हो म्हणायला लाजतात, पैलवान तर मेला तरी म्हणणार नाही, तालमीत पहिला धडाच तो असतो. ज्यांची वाचा गेलीय त्यांना सांगता येत नाही. म्हणून बघायचं. आवाज बसत जातो, शब्द जड होतात, उत्तर द्यायला वेळ लागतो, एकच गोष्ट दोनदा सांगायला लागते, जांभया येतात, लुळ्या बाजूचा हात आपोआप छातीकडं वळायला लागतो, पायाचा अंगठा फरशीला घासल्याचा आवाज यायला लागतो, सदऱ्याची बाही चुकते. आणि चिडचिड. परवाचं ओरडणं मला तरी स्वभाव वाटत नाही, ते ट्रिप झालेलं वाटतं.

हे मी शहाणपणानं शिकले असं समजू नका. नोकरीचं दुसरं वर्ष, एक रिटायर मास्तर पेशंट होते, दुपारी चारची वेळ, ते नको म्हणाले आणि मी म्हटलं अजून फक्त पाच वेळा मास्तर, तुम्ही पोरांना सोडायचा का असं? तिसऱ्यांदा उठताना गुडघा वाकला आणि मला धरून सावकाश खाली घसरले. हाड मोडलं नाही, नशीब माझं. वॉर्डातल्या मावशी पुसायला आल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "सकाळपासनं तीनदा बंडीचं बटन चुकलंय त्यांचं, आज नगंच होतं." डिग्री माझ्याकडं होती आणि बघितलं होतं मावशींनी. तेव्हापासून मी सकाळी पहिल्यांदा नाईटच्या सिस्टरना विचारते पेशंट झोपला का, आणि दुसऱ्यांदा मावशींना विचारते आज कसे आहेत. चांगल्या रिहॅब टीममध्ये हेच होतं, सिस्टर झोपेचं सांगते, स्पीच थेरपीवाली सांगते की अर्ध्या तासानंतर शब्द अडखळायला लागले, फिजिओ सांगतो दुसऱ्या फेरीला पाय ओढला, आणि मग सगळे मिळून दिवसाचं टाइमटेबल ठरवतात. अवघड काम सकाळी, मधे शांत जागा, एकाला लागून एक थेरपी नाही, आणि जेवणाआधी विश्रांती. ही शेवटची गोष्ट घरीही पाळा, कारण दमलेल्या माणसाला गिळतानाही त्रास होतो, ठसका लागून घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियापर्यंत प्रकरण जातं. जेवताना ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना सांगाच.

मोजायलाही एक प्रश्नावली असते, फटीग सिव्हिअरिटी स्केल म्हणतात, १९८९ साली दुसऱ्या आजारांच्या पेशंटसाठी बनवली होती, आता स्ट्रोकमध्येही वापरतात. ९ वाक्यं असतात, थकव्यामुळं माझ्या कामात अडथळा येतो अशा धाटणीची, प्रत्येकाला १ ते ७ मार्क द्यायचे, सरासरी ४ किंवा वर गेली की थकवा दखल घेण्यासारखा आहे असं धरतात. तुमच्या फिजिओंना विचारा, एकदा भरून घेतील. पण खरं सांगू का, माझा भरवसा त्यापेक्षा वहीवर जास्त आहे. नातवंडाची जुनी वही घ्या, एक आठवडा दर दोन तासांनी लिहा, काय केलं आणि थकवा दहापैकी किती, आकडा त्यांनी स्वतः सांगायचा. वर्कशॉपवाला माणूस आहे, आकडा सांगायला त्यांना कमीपणा वाटणार नाही, "दमलो" म्हणायला वाटतो. झोप लिहा, कोण आलं ते लिहा, टीव्ही किती वेळ चालू होता तेही लिहा. आठवड्यानं वही उघडली की तुम्हालाच दिसेल कुठं ट्रिप होतंय. बहुतेक घरांत पहिला धक्का अंघोळीचा असतो, कुणाच्या डोक्यातच येत नाही की उभं राहून अंघोळ, अंग पुसणं, कपडे घालणं एवढ्यात माणसाची सकाळ संपते. बाथरूममध्ये न घसरणारं प्लास्टिकचं स्टूल ठेवा, बसून अंघोळ, बसूनच अंग पुसणं, कपडेही बसून आणि लुळ्या बाजूची बाही आधी. मग अर्धा तास पडू दे.

फिजिओ बंद करू का म्हणालात. अजिबात नाही. हा तुमच्या पत्रातला एकच विचार मला घाबरवणारा वाटला. हलणं थांबवलं की स्नायू अजून ढिले पडतात, दम अजून कमी होतो, मग अजून लवकर थकायला होतं, आणि तो खड्डा खोल होत जातो. बंद नको, वेळ बदला. पाचच्या ऐवजी सकाळी दहा-साडेदहा, अंघोळीनंतरची विश्रांती झाल्यावर. एकदम पाऊण तासाच्या ऐवजी वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे, एक फिजिओंसमोर आणि एक दुपारची झोप झाल्यावर तुमच्या ह्यांच्यासोबत. मधे मधे विचारायचं दहातला आकडा किती, आणि चार-पाचला आला की बसायचं, आठ-नऊची वाट बघायची नाही. हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, कुठला कायदा नाही, फिजिओंशी बोलून वरखाली करा. पंधरा दिवस नीट गेले की मिनिटं थोडी वाढवायची. थोडी म्हणजे दोन-तीन, दुप्पट नाही.

आणि इथं एक सापळा असतो तो चांगल्या दिवसाचा असतो. एखाद्या दिवशी सकाळी उठतात ते एकदम फ्रेश, मग घरातले खुश, आज रंकाळ्यावर नेऊ, आज वर्कशॉपला चक्कर मारू, येताना मामांकडं पण जाऊ, आणि मग पुढचे दोन दिवस माणूस अंथरुणातनं उठत नाही आणि सगळे म्हणतात बघा परत मागं गेले. मागं गेलेले नसतात, दोन दिवसांचं एका दिवसात खर्च केलेलं असतं. चांगल्या दिवशीही ठरलेलं तेवढंच करायचं, हे सगळ्यात अवघड आहे, पेशंटपेक्षा घरच्यांना. तुमच्या ह्यांना एवढंच विचारा की कुस्तीच्या आदल्या दिवशी वस्ताद पठ्ठ्याला हजार जोर मारायला लावतो का? नाही ना लावत. जुने वस्ताद रेटायचे तसे थांबवायचेही, ते आपण विसरतो.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र तुम्हालाच कडक व्हायला लागेल. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला आख्खी गल्ली येते, प्रेमानं येते, आणि प्रत्येक जण ओळखलं का मला असं विचारतो, वर टीव्ही चालू, वर कुकरची शिट्टी. भिंतीकडं तोंड करून ते झोपत नाहीत हो, आवाज बंद करायचा प्रयत्न करतात. सकाळी अकरा ते बारा, एका वेळी दोन माणसं, पंधरा मिनिटं, टीव्ही बंद. बाकीच्यांना सासूबाईंनी बाहेरच्या खोलीत चहा पाजून "परत या" म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, माझं नाव सांगितलं तरी चालेल.

दुपारची झोप तीन तास नको, अर्धा तास, फार तर पाऊण, आणि तीनच्या आत. नाहीतर रात्री डोळा लागत नाही आणि दुसरा दिवस मुळातच अर्ध्या टाकीवर सुरू होतो. संध्याकाळनंतर चहा नको.

सगळा थकवा स्ट्रोकवरच ढकलू नका पण. डॉक्टरांना पुढच्या खेपेला भेटाल तेव्हा "थकवा फार आहे" असं मोघम न म्हणता ती वही दाखवा आणि विचारा की हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, साखर, सोडियम बघायचं का. रात्री जोरात घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबतो का, हे सासूबाईंना विचारा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार स्ट्रोकच्या पेशंटांत फार दिसतो आणि त्याला उपाय आहे. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, कारण बीपीच्या काही गोळ्या, फिटच्या गोळ्या, झोपेच्या, अंग आखडू नये म्हणून देतात ती बॅक्लोफेन, यातल्या कशानंही मरगळ येऊ शकते. स्वतः काही बंद करू नका, बॅक्लोफेन आणि फिटची गोळी तर अचानक बंद करणं धोक्याचं, आणि रक्त पातळ ठेवायची नि बीपीची गोळी चुकवली तर दुसऱ्या झटक्याची भीती.

तुमच्या ह्यांच्या "मन मारलंय" मध्ये थोडं तथ्य असूही शकतं, ते मी झटकत नाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं. फरक ढोबळमानानं असा, की थकलेल्या माणसाला करायचं असतं पण होत नाही, आणि मन खचलेल्याला करावंसंच वाटत नाही. सकाळी फ्रेश असताना वर्कशॉपचा विषय काढा. डोळ्यांत चमक आली, पोरांनी जॉब नीट बसवला का असं विचारलं, तर बहुतेक थकवाच. काहीच नको, जेवण नको, नातू नको, मी कशाला वाचलो असली भाषा असेल तर थांबू नका, डॉक्टरांना लगेच सांगा, औषधानं आणि बोलण्यानं फरक पडतो. दोन्ही एकदम असणंही काही नवल नाही. आणि मन खचलेल्यालाही "रेटा" हा उपाय नसतोच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सलाईन नको म्हणून सांगा. त्या बाटलीत पाणी, मीठ किंवा साखर असते, अंगात पाणी कमी पडलं असेल तर उपयोगाची, थकव्यावर नाही, आणि बीपीच्या माणसाला मिठाचं पाणी शिरेतनं कशाला. या थकव्यावर खात्रीनं लागू पडेल अशी गोळी किंवा टॉनिक आज कुणाकडंच नाही. म्हणून कुणी वाऱ्याचं औषध देतो, कबुतराचं रक्त चोळा म्हणतो, तिकडं पैसे आणि दिवस घालवू नका. आईंना काहीतरी करायचंच असेल, आणि असणारच, तर रश्श्यातलं मीठ कमी करणं आणि लोणचं पानातनं उचलणं हे काम त्यांच्याकडं द्या. दुपारी सासरे झोपले की त्यांनाही जबरदस्तीनं आडवं करा, चार महिने त्याही झोपलेल्या नाहीत असं तुमच्या पत्रावरनं दिसतंय.

एक गोष्ट मात्र थकवा म्हणून कधीच सोडायची नाही. थकव्यात बोलणं हळूहळू जड होतं आणि विश्रांतीनंतर सुधारतं. एकदम तोंड वाकडं झालं, हात एकदम गळाला, शब्दच फुटेना, दिसेना, तोल गेला, तर झोपवून वाट बघू नका, १०८ लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि ते साडेचार तास आपल्या लक्षात आल्यापासून नाही, माणूस शेवटचा चांगला होता तेव्हापासून मोजतात.

किती दिवस चालेल हे? काहींचं पहिल्या वर्षात बरंच कमी होतं, काहींना वर्षानुवर्षं थोडंफार राहतं. खोटी आशा देत नाही. पण वेळ बांधून घेतलेली माणसं थकवा असूनही कामाला लागलेली मी बघितलीत. वर्कशॉपला आत्ता नको, पुढं डॉक्टर हो म्हणाले की सकाळी एक तास, खुर्चीवर बसून, पोरांच्या कामावर नजर आणि हिशेबाची वही. चालत्या मशीनला हात नाही, थकलेलं लक्ष आणि फिरतं चक यांची गाठ नको. पायात पट्ट्याचे मागनं बंद बूट, कोल्हापुरी चपला सध्या कपाटात, त्या लुळ्या पायातनं निसटतात.

आणि जोतिबा. चैत्र यात्रेला नको, ती गर्दी, ऊन, गुलाल, पायऱ्या, यात धडधाकट माणूस गळतो. रविवारही टाळा. यात्रा उरकल्यावर मधल्या वारी सकाळी लवकर, गाडीनं वर, घडीची खुर्ची डिकीत टाकून. देवळात पायऱ्या उतरून खाली जायला लागतं, त्याचं फिजिओंना आधी विचारा, त्यांनी घरच्या जिन्यावर चढ-उतार करून घेतली असेल तरच खाली न्यायचं, नाहीतर वरनं शिखराला हात जोडून परत यायचं, तुमचे हे एकटे जाऊन प्रसाद आणतील. येताना कुणाकडंही थांबायचं नाही, आत्या कितीही रागावल्या तरी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाला सुट्टी, हे फिजिओंना निघायच्या आधीच फोन करून सांगून ठेवा.